पडद्यावरची पेरणी

होल्टरची डायरी बहुतेक वेळा कोरीच परत येते. छातीला स्टिकर लावून, तारा जोडून, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी गळ्यात अडकवून माणसाला घरी पाठवतो, तेव्हा सोबत एक छापील कागद देतो. वेळ, त्या वेळी काय करत होता, काय त्रास झाला, असे तीन रकाने. दुसऱ्या दिवशी तो कागद शर्टाच्या खिशातून चार घड्यांत निघतो. 'जेवन केले.' 'झोपलो.' एका आजीच्या कागदावर नातवाने मोठ्या अक्षरात 'सर्व ठीक आहे' एवढंच लिहून दिलं होतं, जणू मामाच्या गावाहून पोस्टकार्ड. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. चोवीस तासांचा एकेक ठोका डबीत आहे, मग कागद हवाय कुणाला, असं माझं साधं मत होतं.

माझं काम ईसीजी टेक्निशियनचं. वर्ध्यातल्या एका दवाखान्यात सात वर्षं होल्टर लावले, काढले, वाचले. लग्न होऊन रोहण्याला आले तरी पुलगावला एसटी बदलून जाणं-येणं चालू ठेवलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वेगाडी असती तर तुझे इतके हाल झाले नसते. सासूबाई म्हणायच्या, ती गाडी असती तर ही दवाखाना बंद झाल्यावर पोचली असती. मुलगी झाली आणि रोजचं जमेना. मग फाइलीच घरी यायला लागल्या. मी वाचून खुणा करते, कच्चा अहवाल लिहिते. शेवटचं मत आणि सही डॉक्टरांची. नेट धड असलं की दिवसाला चार-पाच फाइली होतात. सोयाबीन निघायच्या दिवसांत घरीच इतका पसारा असतो की दोनवर भागवते.

मिनिटाला सत्तर ठोके धरले तर चोवीस तासांत १,००,८०० होतात. एका माणसाचे, एका दिवसाचे. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसाने हे यंत्र पहिल्यांदा केलं तेव्हा ते अडतीस किलोंचं ओझं होतं, पाठीवर बांधून चालायचं. १९६१ साली त्याने त्यावरचा लेख 'सायन्स'मध्ये छापला. पाठीवरचं ओझं उतरत उतरत डबीत आलं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरचं तसंच राहिलं. मी शिकले तेव्हा ईसीजीच्या पट्ट्याच पाहायचे. संगणक एकसारख्या आकाराचे ठोके गठ्ठ्यात बांधून द्यायचा आणि मी गठ्ठे सोडत बसायचे. हा खरा, हा अवेळी, हा तर ठोकाच नव्हे, पेशंटने बनियन बदललं तेव्हाची ओढाताण. रात्री डोळे मिटले तरी समोरून रेघ सरकत राहायची.

टिंबांचा नकाशा मला आमच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा येणाऱ्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी दाखवला. तोवर सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात एक चौकोन असायचा, मी तो कधी उघडला नव्हता. सरांनी औषध कंपनीच्या पॅडवर आकडे लिहिले: ८००, ८००, ८००, ४८०, ११२०, ८००. दोन ठोक्यांमधली अंतरं, मिलिसेकंदात. म्हणाले, आधीचं अंतर आडव्या रेषेवर घे, लगेच पुढचं उभ्या रेषेवर. जिथे भेटतील तिथे टिंब दे. मग एक घर पुढे सरक.

पहिली जोडी ८००-८००. टिंब बरोबर कर्णावर. दुसरीही तीच, टिंबावर टिंब. मग ८००-४८०, टिंब खाली घसरलं. मग ४८०-११२०, टिंब डावीकडे वर उडालं. मग ११२०-८००, उजवीकडे गेलं. एक अवेळी ठोका हृदयाच्या खालच्या कप्प्यातून लवकर येतो, त्याच्यामागे हृदय जरा थांबतं आणि पुन्हा चालीला लागतं. एवढ्या गोष्टीची कागदावर तीन ठिकाणी तीन टिंबं झाली. दिवसभरात असे दोन हजार ठोके आले तर त्याच तीन जागी दोन-दोन हजार टिंबं साचतात. गठ्ठे सोडायला मला जिथे दोन तास लागायचे तिथे आता एक नजर. शिवाय माउसने त्या टिंबांभोवती कुंपण घातलं की संगणक तेवढ्याच ठोक्यांच्या पट्ट्या समोर आणून ठेवतो. नकाशावरून पट्टीकडे असं उलटं चालायचं.

निरोगी माणसाची टिंबं कर्णावर लांबट पडतात. ठोके जलद असताना खाली डावीकडे, निमुळती. झोपेत ठोके सावकाश झाले की वर उजवीकडे, पसरलेली. शेपटीवाल्या तारेसारखी आकृती. पुस्तकात तिला धूमकेतूच म्हणतात. मला ती कायम गाजरासारखी वाटते, पण हे मी अहवालात लिहू शकत नाही.

घरी काम सुरू झालं तसे मामाजी चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहायला लागले. चाळीस वर्षं कापूस केलेला माणूस. एके दिवशी पडद्यावर एका मावशींची फाइल होती. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडलेली, वरचे कप्पे थरथरत असलेले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आमच्या बोलण्यात एएफ. त्यात कुठल्याच अंतराचा पुढच्या अंतराशी मेळ नसतो. टिंबं कोपऱ्यातून पंख्यासारखी सगळीकडे उडालेली.

"हे काय होय माय?" मामाजींनी विचारलं. "हे तं फोकून पेरल्यावानी दिसते."

फोकून, म्हणजे मुठीने बी विखरून. मी त्यांना जुन्या फाइली उघडून दाखवल्या. अवेळी ठोक्यांची, तीन ठिकाणी गच्च साचलेली टिंबं पाहून ते म्हणाले, ही टोबलेली सरकी. बोटाने खड्डा करून जागच्या जागी बी टाकायचं, तसं. आणि मग एक फाइल आली. संगणकाने तिच्यावर एएफ असा शिक्का मारला होता आणि मीही तो तसाच पुढे ढकलणार होते. मामाजी म्हणाले, "थांब. हे फोकलेलं नाही. हे चौफुलीत आहे."

चौफुली म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी सारखं अंतर धरून केलेली लागवड; कुठल्याही बाजूने डवरा घाला, ओळ सापडते. पाहिलं तर खरंच, टिंबांचे पुंजके उभ्या-आडव्या ओळींच्या छेदांवर बसले होते. वरचे कप्पे थरथरत नव्हते, ते मिनिटाला तीनशेच्या ठेक्यात पळत होते, दोनशे मिलिसेकंदांना एक फेरी. खालचे कप्पे त्यातली कधी दुसरी, कधी तिसरी, कधी चौथी फेरी पकडत होते. म्हणून अंतरं यायची चारशे, सहाशे, आठशेच्या आसपास. मधली जागा रिकामी. हे एट्रियल फ्लटर. बोटाखाली नाडी धरली तर दोन्ही सारखेच वेडेवाकडे लागतात. उपचार मात्र पुष्कळदा वेगळा होतो, कारण फ्लटरची वाट बहुधा ठरलेली असते आणि मांडीतून तार घालून ती जाळता येते. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पट्ट्या मागवल्या, पाहिल्या, आणि म्हणाले, बरोबर आहे, कसं ओळखलंस? सासऱ्यांनी ओळखलं, हे सांगायला मी दोन आठवडे घेतले.

सॉफ्टवेअरमध्ये या चौकोनाला लॉरेन्झ प्लॉट म्हणतात. संशोधनाच्या लेखांत पॉइंकारे प्लॉट. पॉइंकारे फ्रेंच गणिती. एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचा माणूस. हवा कशी खेळते याची तीन समीकरणं त्याने संगणकावर फिरवली आणि १९६३ च्या लेखात प्रत्येक शिखराची उंची पुढच्या शिखराच्या उंचीसमोर मांडली. वरवर बेशिस्त दिसणाऱ्या आकड्यांतून एक नेटकी रेघ निघाली. युक्ती तीच, आधीचं आडवं, पुढचं उभं. हे मामाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, मंग पाऊस कधी येनार ते सांगते काय? मी म्हटलं, फार पुढचं सांगता येत नाही, हेच त्याने सिद्ध केलं. "ते तं आमालेबी मालूम हाये," म्हणाले.

पेरणीची ही नावं मामाजींची. तिफणीचं, म्हणजे तीन दात्यांच्या पेरणीच्या अवजाराचं, नाव मात्र माझं. एका निवृत्त शिक्षकांच्या फाइलीत मधल्या पुंजक्यापासून तीन रेघा निघाल्या होत्या: एक सरळ खाली, एक डावीकडे वर तिरकी, एक उजवीकडे आडवी. टोबलेल्या बियांसारखे ठिपके नाहीत, रेघा. याचा अर्थ अवेळी ठोका आधीच्या ठोक्यानंतर दर वेळी वेगवेगळ्या अंतराने येतोय. साध्या अवेळी ठोक्याचं तसं नसतं. तो आधीच्या ठोक्याच्या शेपटाला बांधलेला असतो, ठरल्या अंतराने येतो, म्हणून एका जागी साचतो. इथे मी त्या रेघांवरचे ठोके वेगळे काढले आणि फक्त त्यांच्यातली अंतरं वहीत मांडली. प्रत्येक अंतराला एकाच आकड्याने जवळपास पूर्ण भाग जात होता.

एका हृदयात दोन घड्याळं चालू होती. शेजारच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखं दुसरं आपल्या तालात टोल देत होतं. आपल्या घरी काय वाजले याच्याशी त्याला घेणं नाही. आपला ठोका नुकताच पडून हृदय थकलेलं असेल तेव्हा त्याचा टोल वाया जातो, मोकळं सापडलं की वाजतो. पॅरासिस्टोल म्हणतात याला. पट्टीवर ओळखायला महाकठीण, कारण पट्टीवर एका वेळी सात-आठ ठोके दिसतात आणि त्यात ताल सापडत नाही. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते, कामासाठी म्हणून नव्हे. मामाजींना तिफण हे नाव मात्र पटलं नाही. तिफणीचे दाते सारख्या अंतरावर असतात, म्हणाले, हे फाकले आहेत.

आता चूक. अशी चूक की अजून ती फाइल मी पुसली नाही. साठीच्या एका बाईंच्या नकाशात कर्णावरच्या पुंजक्याशिवाय आणखी तीन स्वच्छ पुंजके होते: ८००-१६००, १६००-८००, आणि थोडे १६००-१६००. अंतर बरोबर दुप्पट. म्हणजे मधला एक ठोका गाळला जातोय, हृदयाची वीज अडतेय. इतकी सुबक आकृती की पाठ्यपुस्तकात छापावी. मी पट्टी उघडली नाही. रात्रीचे साडेदहा झाले होते, मुलगी तापाने फणफणलेली होती, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या नकाशावाचनाचा गर्व झाला होता. 'ठोके गळतात, तातडीने पाहावे' असं लिहून डॉक्टरांना पाठवलं. तिकडून घरच्यांना निरोप गेला. पेसमेकर लागेल म्हणून मुलाने नागपूरला न्यायला गाडी सांगितली, पैशाची जुळवाजुळव सुरू केली. सकाळी डॉक्टरांनी पट्ट्या पाहिल्या. ठोके सगळे जागेवर होते. बाई डाव्या कुशीला वळल्या की त्यांच्या ठोक्याची उंची कमी व्हायची आणि संगणक मधलाच एखादा मोजायला विसरायचा. हृदय काहीच गाळत नव्हतं, गाळत होतं यंत्र.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, पट्टी उघडली होतीस? गाडीवाल्याने रद्द केल्याचे पाचशे रुपये घेतले, ते मी त्या मुलाला द्यायला गेले, त्याने घेतले नाहीत. त्याच्या आईने चहा दिला.

नकाशा फक्त अंतर जाणतो. ठोक्याचा आकार त्याला दिसत नाही. खालच्या कप्प्यातून सुटलेली जीवघेणी दौड जर अगदी नियमित असेल, तर ती कर्णावर खाली डावीकडे गुपचूप एक पुंजका करून बसते, जिना चढलेल्या माणसासारखी. आणि त्याला वेळ कळत नाही. पहाटेचं टिंब आणि दुपारचं टिंब त्याला सारखंच. एकदा कागदावर पडलं की कुठलं आधी, कुठलं नंतर, सगळी मोजदाद गेली. आकारासाठी पट्टी आहे. वेळेसाठी मी नकाशा तासातासाचा कापून घेते, चोवीस छोट्या चौकटी. तेवढं पुरतं, असं मला वाटायचं.

जानेवारीत आर्वीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची फाइल आली. वय बावन्न. तक्रार, रात्री छातीत फडफड. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, घोरतो, झोपेत श्वास अडकतो का पाहा. पूर्ण दिवसाच्या नकाशात आखूड गाजर आणि भोवती टोबलेले पुंजके. चौकटी कापल्या तर दिवस उलटा दिसला. दुपारी एक ते चार टिंबं कर्णावर वर सरकलेली, शांत, झोपल्यासारखी. रात्री अकरापासून खाली डावीकडे गोळा झालेली, ठोके मिनिटाला शंभराच्या वर, आणि अवेळी ठोके एकातून एक वाढत साडेबाराच्या सुमारास तर एक नीट, एक अवेळी, एक नीट, एक अवेळी. तेव्हा नकाशात मधला पुंजकाच नाहीसा होतो, समोरासमोर दोनच उरतात, आरशात पाहिल्यासारखे.

मला वाटलं, डबीचं घड्याळ चुकलंय. सकाळ-संध्याकाळची अदलाबदल नेहमीची. दवाखान्यात फोन केला. लावणाऱ्या पोराने आईची शपथ घेतली. डायरी पाहिली. तिच्यावर नाव होतं आणि खाली अंगठ्याएवढा तेलाचा डाग. पेशंटला आम्ही थेट फोन करत नाही, पण गाडीची गोष्ट मनातून गेली नव्हती. दवाखान्याला विचारून लावला.

"भाऊ, तुम्ही त्या रात्री बारा-साडेबाराला काय करत होता?"

"ओलीत, ताई."

"रात्री?"

"मंग? आमची लाईन रातचीच रायते ना ह्या हप्त्यात. गव्हाले पानी द्याचं होतं. पाईप बदलवा लागते दर घंट्या-दीड घंट्यानं."

"आणि फडफड तेव्हाच होते का?"

तो जरा थांबला. "पाईप उचलला का होते. बसलो का जाते. पन डॉक्टरनं इचारलं, कधी होते, मी सांगतलं रातच्याला. खोटं नाही सांगतलं."

खोटं नव्हतंच. मी पडद्यासमोर बसून होते आणि मागच्या खोलीत मामाजी खोकत होते. त्यांनीही वीस वर्षं रात्री ओलीत केलेलं. पंपाची लाईन कधी येते हे या घरात मुलीलासुद्धा माहीत असतं. तरी चौकटीवर रात्रीचा एक वाजलेला पाहून मी त्या माणसाला अंथरुणात झोपवलं होतं. झोपेत वाढणारे ठोके असं लिहिलं असतं तर त्याला झोपेच्या तपासणीला पाठवलं असतं, आणि ते कागदोपत्री चूक ठरलं नसतं. मेहनतीबरोबर वाढणारे ठोके ही वेगळी गोष्ट. आराम करताना येतात आणि चालायला लागलं की लपतात, त्यांची सहसा फार काळजी नसते. ओझं उचलल्यावर वाढतात त्यांना डॉक्टर हलकं घेत नाहीत. डॉक्टरांनी इको सांगितला, पट्ट्यावर चालवून तपासणी सांगितली, ठोका धिमा करणारी गोळी सुरू केली. तो म्हणाला, गव्हाचं हे पाणी देऊन होऊ द्या, मग येतो. चार दिवसांनी आला.

दीड महिन्याने पुन्हा होल्टर लावला. या वेळी मी दवाखान्यातल्या पोराला सांगून ठेवलं होतं, डायरी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती दे. कागद आला तो दोन्ही बाजूंनी भरलेला. दहावीतल्या मुलीचं गोल अक्षर, वेळ लाल पेनने.

'११.४० मोटर सुरू. १२.२५ बाबांनी पाईप बदलवले, थोडी फडफड, मग नाही. १.१० लाईन गेली. १.१५ बाबा धुऱ्यावर बसले. २.०० लाईन नाही. बाबा झोपले. मी जागी आहे.'

मी दोन ते तीनची चौकट उघडली. टिंबं कर्णावरून वर वर सरकत गेली होती, टोकाला पसरलेली, भोवती टोबलेलं जवळपास काही नाही. पावणेचारला ती एकाएकी खाली येऊन गोळा झाली होती. मी पट्टी उघडली, ठोके साधेच होते, जलद. मग कागद उलटला.

'३.४५ लाईन आली.'